फळ्यावरचा धाकू

“लखू बाबू झोरे. लिवलंय का वो त्यात?”

मी पोलीस चौकीच्या व्हरांड्यातल्या फळ्यावरची नावं उतरवून घेत होतो, तेव्हा मागून हा प्रश्न आला. वळून पाहिलं तर तिशी-पस्तिशीची एक बाई उभी होती. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पाय नडग्यांपर्यंत लाल मातीनं माखलेले. सड्यावरची गवळी धनगराची बाई आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. ती फळ्याकडं पाहत नव्हती, माझ्या तोंडाकडं पाहत होती.

मी फळा पुन्हा वाचला. तीन नावं होती. देवळे आडनावाचे दोन भाऊ, दारू पिऊन दंगा. तिसरा कुणी धाकू कोंडी धनगर, राहणार सडा, वय तीस, संशयित. लखू नव्हता. नाही म्हणून सांगितलं.

“नीट बगा.”

नीट बघितलं, तरी नव्हता.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होतील. धरणाच्या पाण्याकाठचं आमचं बोरघळ म्हणजे जगाचं टोक. तालुक्याहून येणारी एसटी इथं वळसा घालून परत जायची आणि पुढं जायचं तर लाँच. पाण्यापलीकडं जंगल, जंगलाच्या वर कातळाचा सपाट सडा, सड्यावर धनगरांचे चार-दोन वाडे. माझं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं आणि जिल्ह्याच्या पेपरचा मी बोरघळचा वार्ताहर होतो. बातमी म्हणजे कुणाचा सत्कार, कुणाच्या गोठ्यात बिबट्या आणि कुणाला अटक. त्यातली अटक लोक आवडीनं वाचायचे. माझ्या दुकानात वही घ्यायला येणाऱ्यापेक्षा ‘आमच्या पोराचं नाव तेवढं गाळा’ म्हणायला येणारे जास्त होते. कुणी अंडी आणायचे, कुणी दम द्यायचे.

अटक झालेल्यांची नावं लोकांना दिसतील अशी लावा, असं फर्मान वरून आलं होतं, म्हणून चौकीत हा फळा टांगला होता. फर्मान आलं, फळा आला, खडूची पेटीही आली, पण नावं काही यायची नाहीत. फळा कोरा तो कोराच. फार तर ‘नेहमी खरे बोलावे’ असं काही तरी पंधरा ऑगस्टला लिहिलेलं दिवाळीपर्यंत टिकायचं. मी आपला आत जाऊन हवालदार मोकाशींबरोबर चहा प्यायचो आणि ते तोंडी सांगतील ती नावं लिहून घ्यायचो. त्या दिवशी फळ्यावर ठळक अक्षरांत तीन नावं दिसली, तेव्हा आपला चहा वाचला एवढंच माझ्या मनात आलं.

बाई हलेना. तिचं नाव सगुणा, लखू तिचा धाकटा भाऊ. शनिवारी त्याला सड्यावरून जीपमधून नेला, खाकीतले दोघं होते. आज मंगळवार. काल ती चौकीत विचारायला आली, तर असा कुणी माणूस इथं आणलाच नाही म्हणून हाकलून दिली. हे सगळं तिनं शेजारणीची हकीकत सांगावी तशा आवाजात सांगितलं. मग म्हणाली, “तुमी पेपरवाले ना? त्यास्नी सांगा, लखूचं नाव लिवा म्हनून.”

मला हसू आलं. इतक्या वर्षांत नाव लिहा म्हणणारं पहिलंच माणूस भेटलं होतं.

“हसू नगा. बिरू आखाड्याला न्हेला तवा लिवलं नव्हतं.”

माझं हसू जागच्या जागी विरलं. बिरू आखाडेची गोष्ट बोरघळात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी जंगलातल्या कसल्याशा चोरीच्या तपासाला त्याला नेला म्हणत होते. पाचव्या दिवशी तो पाण्यात सापडला. हा माणूस आमच्याकडं कधी आलाच नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं, आणि तो आल्याचं कुठंही लिहिलेलं नव्हतं. मीही ‘अनोळखी इसमाचा बुडून मृत्यू’ अशी दोन ओळींची बातमी दिली होती. तो अनोळखी नव्हता हे मला माहीत होतं.

“लिवलेला मानूस हरवत न्हाई,” सगुणा म्हणाली.

लखूला का नेला, हेही तिनंच सांगितलं. सड्याच्या पोटात मुंबईच्या एका बड्या माणसाचा बंगला झाला होता आणि त्याच्यासाठी धरणाला लांबचा वळसा घालून कच्चा जीपरस्ताही निघाला होता. शुक्रवारी रात्री तिथल्या पाहुण्यांनी गवा मारला. लखू हरवलेली पारडी शोधत तिथंच होता. त्यानं बंदूकही बघितली आणि बंदूक धरणाराही बघितला. तोंड गप्प ठेवायची अक्कल त्याला नव्हती, म्हणून सकाळी दूध घालताना त्यानं ते दोघातिघांना सांगितलं. दुपारी जीप आली.

मी आत गेलो. मोकाशी टेबलाशी बसले होते. पन्नाशीचा, पोट सुटलेला, पान खाणारा माणूस. दहा वर्षांची आमची ओळख. बोरघळच्या निम्म्या भांडणांचा निकाल ते दम देऊन लावायचे आणि उरलेल्या निम्म्यांचा पान देऊन. त्या सकाळी मात्र त्यांच्या तोंडात पान नव्हतं. हाताला लागलेला खडू ते रुमालानं पुसत होते. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत नवे फौजदार कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलत होते. बाहेर बंगल्याची जीप उभी होती, ती मी येतानाच पाहिली होती.

लखू झोरे नावाचा कुणी आहे का, मी विचारलं.

“नाही. फळ्यावर आहेत तेवढीच नावं.” मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, “उतरवून घेतलीत ना? मग द्या पाठवून. उगाच उशीर कशाला?”

मोकाशींनी मला कधी हाकललं नव्हतं. मला राग आला. तसाच एसटीडी बूथवर गेलो आणि जिल्ह्याच्या कचेरीत फोन लावून तिन्ही नावं होती तशी सांगून टाकली. तिकडच्या उपसंपादकानं जांभई देत लिहून घेतली.

दुपारी दुकान बंद करून जेवायला निघालो, तर सगुणा लाँचच्या धक्क्यावर बसलेली. सकाळपासून पोटात काही नसावं. मी लाँचवाल्या सखाराम सपकाळांच्या टपरीवर तिला चहा आणि खारी दिली. तिनं नाही-होय केलं नाही. भुकेल्या माणसानं करूही नये.

सपकाळ तिला ओळखत होते. सड्यावरचं दूध, खवा, तूप सगळं त्यांच्याच लाँचनं खाली यायचं. त्यांनी गमतीनं विचारलं, “काय गं, तीन दिवस धाकू नाही आला दूध घेऊन? तुला पाठवली?”

“धाकूलाच शोधतोय तात्या,” ती म्हणाली.

हा धाकू कोण, मी विचारलं.

त्या दोन दिवसांत सगुणा एकदाच हसली, ती तेव्हा. धाकू म्हणजे तिचा आजा; जुन्या दप्तरात झोऱ्यांचं आडनाव नुसतं ‘धनगर’ लागलेलं. त्याला मरून पंधरा वर्षं झाली होती. पण जंगलात गुरं चारायचा पास त्याच्या नावचा होता. धरणाच्या आधीपासून ज्यांची नावं वनखात्याच्या दप्तरी होती त्यांनाच सड्यावर राहायची आणि गुरं चारायची मुभा. नंतर जन्मले ते सगळे अतिक्रमणवाले. तेव्हा आजा मेला तरी त्याला मरायची सवड नव्हती. गार्डनं हटकलं की म्हशींमागं जो असेल तो सांगायचा, मी धाकू कोंडी धनगर. आधी सगुणाचा बाप धाकू होता, त्याचे गुडघे गेले तेव्हा लखू धाकू झाला. गार्डलाही ते ठाऊक होतं. वर्षाच्या वर्षाला तो अंगठा घ्यायचा, शिक्का मारायचा, तुपाचा डबा घ्यायचा आणि निघून जायचा. चाळीस म्हशी, तीन घरं आणि सतरा माणसं एका मेलेल्या म्हाताऱ्याच्या जिवावर जगत होती.

“खाकी बगितली की आमच्या तोंडात आज्याचंच नाव येतंय,” ती म्हणाली. “बारक्या पोरास्नी पन तेच शिकवलंय.” एवढं बोलून ती थांबली. तिचं हसू गेलं. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं असेल ते मला ठाऊक आहे.

“फळ्यावर धाकू आहे,” मी म्हणालो.

आम्ही चौकीपर्यंत जवळजवळ पळतच गेलो. फळा पुसलेला होता. ओल्या फडक्यानं पुसला होता, अजून वाळला नव्हता. तिन्ही नावं गेली होती. सगुणानं फळ्यावर हात ठेवला आणि बोटं बघितली. बोटांना पांढरं पाणी लागलं.

आत शिरलो तेव्हा फौजदार बाहेरच्या टेबलावर बसून दाढी कोरल्यासारखी चेहऱ्यावरून बोटं फिरवत होते. तरणा, गोरा, इस्त्रीचा माणूस. मोकाशी शेजारी उभे. मी सकाळच्या नावांबद्दल विचारलं. फौजदार म्हणाले, कसली नावं, फळा तर कोरा आहे. मी म्हणालो, सकाळी धाकू कोंडी धनगर असं लिहिलेलं मी वाचलं. फौजदारांनी मोकाशींकडं नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं हे मला तेव्हा समजलं नाही.

मोकाशी पुढं आले आणि माझ्या अंगावर ओरडले. “धाकू कोंडी धनगर? अहो, तो मरून पंधरा वर्षं झाली. गार्डला विचारा. मेलेल्या माणसाला अटक केली म्हणून आमच्यावर बालंट आणता होय?”

“मग तुम्ही लिहिलं कशाला?”

“कुणी लिहिलं? काय पुरावा? एवढंच असेल तर तो जिता असल्याचा सरकारी कागद आणा. शिक्क्याचा. मग बोलू.” फौजदार खुदकन हसले. मोकाशींना तेवढ्यानं चेव आला असावा, ते आणखी आवाज चढवून म्हणाले, “आणि आणायचा तर लौकर आणा. उद्या पहिल्या लाँचनं साहेब पलीकडं पंचनाम्याला निघालेत. नंतर तुमची भुतं शोधायला आम्हाला वेळ नाही.”

मला मोकाशींची किळस आली. दहा वर्षं या माणसाबरोबर चहा प्यालो, त्याची लाज वाटली. मी सगुणाला घेऊन बाहेर पडलो आणि पोलिसांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती ऐकत नव्हती.

“त्यो हवालदार काय म्हनाला? पुन्यांदा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं.

“शिक्क्याचा कागद हाय की आमच्याकडं,” ती सावकाश म्हणाली. “आवंदाच्या सालचा शिक्का हाय. आंगठा हाय. पासात आजा जिता हाय.”

मला तिची बुद्धी कळली आणि त्याच वेळी भीतीही वाटली. तो कागद एकदा उजेडात आला की डोळ्यांवर कातडं ओढणं गार्डला जमणार नव्हतं. शंभरी ओलांडलेला म्हातारा म्हशी कसा राखतो, हे कुणी तरी विचारणारच. पास जाणार, चराई जाणार, तिन्ही घरं जाणार. हे मी तिला सांगितलं. ती सगळं जाणून होती. माझ्यापेक्षा जास्तच जाणून होती. तिनं घोंगडी खांद्यावर सारखी केली आणि संध्याकाळच्या शेवटच्या लाँचनं पलीकडं गेली. तिथून सडा म्हणजे जंगलातली उभी चढण, आणि अंधार तर पडतच होता. सकाळच्या पहिल्या फेरीला परत पोचायचं तर तिला वर टेकायलाही वेळ नव्हता.

दिवेलागणीला फौजदार माझ्या दुकानात आले. एकटेच. पेन्सिली बघितल्या, एक रबर उचलून वास घेतला. आज पेपरला काय दिलंत, असं सहज विचारलं. नेहमीचंच, मी म्हणालो.

“फळ्यावर चुकून काही तरी लिहिलं गेलं होतं. ते छापून यायला नको. फोन करून सांगा तुमच्या लोकांना.” रबर त्यांनी जागेवर ठेवलं. “पाण्याकाठचं गाव तुमचं. रात्री-बेरात्री पाय घसरतो माणसाचा.”

मी हो म्हणालो. ते गेल्यावर गल्ला उघडा टाकून बूथपर्यंत गेलोसुद्धा. बूथवाला शटर ओढून घरी गेला होता. तो नेहमी त्या वेळी जायचा, हे मला ठाऊक होतं. पण बूथ उघडा असता तर मी काय केलं असतं, हे आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

रात्रभर मी दाराची कडी बघत बसलो. बायकोनं काय झालं म्हणून विचारलं, तर पोटात दुखतंय म्हणालो.

सकाळी पाण्यावर धुकं इतकं दाट होतं की धक्क्यावरून लाँच दिसेना, नुसता तिचा भकभक आवाज येत होता. पलीकडून पहिली फेरी घेऊन ती येत होती. तीच लाँच परत जाताना फौजदारांना नेणार होती. धक्क्यावर नेहमीची माणसं होती. दुधाचे रिकामे कॅन नेणारे, पलीकडच्या शाळेचे गुरुजी, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका. मी एसटीतून आलेला पेपरचा गठ्ठा तिथंच सोडला आणि पान उलटलं. आतल्या पानावर खाली कोपऱ्यात ते होतं. ‘बोरघळ येथे तिघांना अटक.’ तिसरं नाव धाकू कोंडी धनगर, वय तीस. मी गुरुजींना आणि दूधवाल्यांना फुकट पेपर वाटला. बोरघळात कुणाला फुकट पेपर मिळाला की तो पहिली ओळ ते छापखान्याचा पत्ता सगळं वाचतो.

तेवढ्यात जीप आली. फौजदार उतरले, बंगल्यावरचे दोघं उतरले आणि त्यांच्यामध्ये डोक्यावरून घोंगडी ओढलेला एक माणूस. मोकाशी शेवटी उतरले. घोंगडीवाला लंगडत होता. धक्क्यावरची माणसं बाजूला सरकली. बिरू आखाडे सगळ्यांना आठवला असणार. एकानंही तोंड उघडलं नाही, मीही नाही.

लाँच धुक्यातून बाहेर आली. पुढच्याच टोकाला सगुणा उभी होती. लाँच नीट लागायच्या आधीच तिनं धक्क्यावर उडी टाकली. तिची कोपरं सोलवटलेली होती आणि लुगडं काट्यांनी फाटलेलं होतं. फौजदारांसमोर जाऊन तिनं कनवटीचा कागद काढला आणि उलगडून दोन्ही हातांत धरला.

“माझ्या आज्याला कुठं न्हेताय?”

बाजूला हो, फौजदार म्हणाले.

“ह्यो पास हाय. धाकू कोंडी धनगर. सरकारचा शिक्का हाय, आवंदाचा. गुरुजी, वाचा तुमी.” गुरुजी भित्रा माणूस, पण हातात आलेला कागद न वाचणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. मग दुसऱ्या हातातल्या पेपरकडं बघून त्यांच्या तोंडून निघून गेलं, “अरे, हेच नाव यात आहे.” चार डोकी पेपरवर वाकली.

सगुणानं भावाच्या डोक्यावरची घोंगडी मागं सारली. एक डोळा मिटलेला, ओठ फुटलेला. वय तिशीच्या आतलंच.

“नाव सांग,” ती म्हणाली.

लखूनं आधी तिच्याकडं बघितलं, मग फौजदारांच्या खाकीकडं, आणि मग सवयीनंच म्हणाला, “धाकू कोंडी धनगर.”

आणि धक्क्यावर हशा पिकला. गेली चाळीस वर्षं जी सड्यावरचं दूध पीत आली होती ती सगळी माणसं म्हाताऱ्या धाकूला ओळखत होती. कुणी तरी मागून ओरडलं, आजोबा, तब्येत चांगली राखली की. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सपकाळ लाँचवरून हसत होते. फक्त सगुणा हसली नाही. हसता हसता तीस-चाळीस माणसांनी लखूचा सुजलेला डोळा बघितला, पेपरातलं नाव बघितलं, आणि तो कुणाच्या ताब्यात आहे तेही बघितलं. आता तो पाण्यात सापडला असता तर अनोळखी इसम म्हणून खपला नसता.

मोकाशी पुढं झाले आणि फौजदारांना अदबीनं म्हणाले, “साहेब, पेपरात आलंय. आता कोर्टापुढं उभा करावाच लागेल.”

फौजदारांनी त्यांच्याकडं पुन्हा तसंच पाहिलं. मग सगळे जीपकडं वळले.

लखूला त्याच दिवशी कसल्याशा चोरीच्या संशयाखाली तालुक्याच्या कोर्टात उभा केला. काही महिन्यांनी तो सुटला. गव्याचा खटला कुणावरच झाला नाही आणि बंगल्यावर पाहुणे येत राहिले. सगुणानं आणलेला पास पुराव्याला जमा झाला, तिथून वनखात्यात गेला, आणि पुढच्या पावसाळ्याआधी झोऱ्यांच्या तिन्ही घरांना सडा सोडायची नोटीस आली. म्हशी विकताना सगुणा खाली बाजारात भेटली. बापाला न विचारताच कागद उचललास का, मी विचारलं. नाही म्हणाली. बापानंच तो आढ्याच्या बांबूतून काढून तिच्या हातात दिला होता. “म्हनाला, धाकू लई वर्सं जगला. आता मरू दे त्याला.” लखू पुढं नवी मुंबईत मार्केटला हमालीला लागला. आता त्याला नाव विचारलं तर तो लखू सांगत असेल अशी आशा आहे.

मोकाशींची त्याच महिन्यात बदली झाली, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. जाताना ते दुकानात निरोप घ्यायला आले होते. मी मान वर केली नाही. एक वही घेऊन, सुटे पैसे ठेवून ते निघून गेले.

अलीकडं एका लग्नाला त्यांच्या गावी गेलो होतो. मोकाशी निवृत्त होऊन तिथंच राहतात असं कळलं. का कोण जाणे, पाय तिकडं वळले. ते ओसरीवर पाय पसरून बसले होते. पोट उतरलं होतं, पान मात्र तोंडात होतं. मला ओळखलं. त्यांच्या पत्नीनं पाणी आणून दिलं आणि मी बोरघळचा पेपरवाला हे कळताच ती मला म्हणाली, “म्हणजे माझ्या वडिलांना दारुडे म्हणून छापणारे ते तुम्हीच का?”

मोकाशी लाजल्यासारखे हसले. “देवळे बंधू. माझे सासरे आणि त्यांचे भाऊ. जन्मात दारूला शिवले नाहीत बिचारे. चार दिवस वाढलं नव्हतं हिनं मला.”

“पण ते दोघं त्या दिवशी कोठडीत—”

“कोठडीत एकटा लखू होता,” मोकाशी म्हणाले. “एकच नाव लिहिलं असतं तर साहेबाच्या लगेच डोळ्यांवर आलं असतं. तीन असली की कारकुनी वाटते. म्हटलं, त्या पोरानं मेलेल्याचं नाव सांगितलंय, आपणही मेलेल्यांचीच घालू. मेलेल्यांना काय अटक होतेय?”

फळ्यावर त्याआधी कधी नावं लिहिलेली पाहिली नव्हती, हे मला इतक्या वर्षांनी तिथं, त्या ओसरीवर, पहिल्यांदा आठवलं. उशीर कशाला म्हणून मला हाकलणं, शिक्क्याचा कागद आणा म्हणून ओरडणं, पहिल्या लाँचची वेळ मोठ्यानं सांगणं, एकेक करून सगळं आठवत गेलं. मला त्यांची माफी मागायची होती. जमेल तशा शब्दांत मी सुरुवात केली.

मोकाशींनी हात वर करून मला थांबवलं. उठून अंगणाच्या कडेला गेले, पान थुंकले आणि तिथूनच, माझ्याकडं पाठ करून बोलले.

“पत्रकार, बिरू आखाडेच्या वेळी पण तोच फळा होता. खडू पण होता.”

मग आत वळून त्यांनी बायकोला चहा ठेवायला सांगितलं.